ऑफिसचा लॅपटॉप घरच्या नेटवर्कला कसा जोडायचा? (प्रिंटर आणि शेअर फोल्डर दिसत नाही)

सत्तरीकर | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी गोव्यातल्या वाळपईजवळच्या घरून करतो. कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवलाय. विंडोज ११, लॉगिन कंपनीचं, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कपर्यंत जाणारा खासगी बोगदा) कंपनीचं. इंटरनेट व्यवस्थित चालतं, मीटिंगा होतात. पण घरातलं दुसरं काहीही त्याला दिसत नाही.

घरातली मांडणी अशी: फायबर इंटरनेटचा डबा बाहेर सोप्यावर (ओसरीवर), केबलवाल्यानं तिथंच ठोकून दिलाय. घर जुनं, चिऱ्यांच्या भिंती चांगल्या दीड हात जाड, त्यामुळे आतल्या खोल्यांत वायफाय पोचतच नाही. म्हणून भावानं डब्यातून एक लॅन केबल वर नेली आणि माडीवर दुसरा राउटर लावला. माडीवरच त्याचा डेस्कटॉप आहे (कुळागराचे, म्हणजे बागायतीचे हिशेब, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, आजोबांच्या वेळच्या आल्वाराचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जमिनीच्या सनदेचे स्कॅन, सगळ्या घराचे फोटो) आणि वायफायवाला प्रिंटर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही दिसायचं. तो आता पुतणीकडे गेला.

गंमत म्हणजे नव्या लॅपटॉपला प्रिंटर एकदा दिसला होता. रविवारी दुपारी माडीवर बसलो होतो तेव्हा. सोमवारी सोप्यावर येऊन कामाला लागलो तर गायब.

हेल्पडेस्कला विचारलं. "घरचं नेटवर्क आमच्या अखत्यारीत येत नाही," एवढं सांगून त्यांनी तिकीट बंद केलं.

मला दोनच गोष्टी हव्यात. प्रिंट निघावी, आणि डेस्कटॉपवरचं फोल्डर उघडावं.

नाना_पेडणे | सोमवार, रात्री ९:४०

सोपं आहे. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं वर्कग्रुपचं, म्हणजे कॉम्प्युटरांच्या गटाचं, नाव असतं. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एकच नाव द्या. मी असंच केलं होतं आणि चाललं होतं. नाहीतर होमग्रुप तयार करा, पासवर्ड टाकला की झालं.

तारवाला | सोमवार, रात्री १०:०५

नाना, थांबा हो. सत्तरीकर, त्या खिडकीत अजिबात हात घालू नका.

तुमचा लॅपटॉप कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या ताब्यातल्या कॉम्प्युटरांच्या गटात आहे. एकच मशीन एका वेळी डोमेनमध्येही आणि वर्कग्रुपमध्येही असू शकत नाही. वर्कग्रुप निवडायला गेलात तर ते डोमेनमधून बाहेर पडेल, सकाळी कंपनीचं लॉगिन चालणार नाही आणि लॅपटॉप कुरिअरनं पुण्याला जाईल. बहुतेक कंपन्यांनी ते बटण बंदच ठेवलेलं असतं हे नशीब. आणि वर्कग्रुपचं नाव जुळण्याचा आणि प्रिंटर दिसण्याचा आज काहीएक संबंध नाही. होमग्रुप तर मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढून टाकला.

मी म्हापशाला हीच कामं करतो, जोडण्या आणि केबली. अंदाज आलाय, पण आधी खात्री करू. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग" (ipconfig) चालवा. "आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस" आणि "डिफॉल्ट गेटवे" या दोन ओळी इथं टाका. डेस्कटॉपवरही तेच करा. आणि वरच्या-खालच्या वायफायची नावं काय आहेत ते सांगा. घाबरू नका, १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घराघरांत तेच असतात, ते सांगितल्यानं कोणी तुमच्या घरात शिरत नाही.

सत्तरीकर | मंगळवार, सकाळी ८:२०

लॅपटॉप (सोप्यावर): १९२.१६८.१.३४, गेटवे १९२.१६८.१.१
डेस्कटॉप (माडीवर): १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१

वायफायचं नाव दोन्हीकडे एकच, पासवर्डही एकच. घरात फिरताना पुन्हा पुन्हा जोडायला नको म्हणून भावानं तसं केलंय.

तारवाला | मंगळवार, सकाळी ९:०२

मिळालं. तिसरा आकडा बघा. खाली १, वर ०. तुमच्या घरात एक नाही, दोन नेटवर्क आहेत.

फायबरचा डबा हा स्वतःच एक राउटर असतो. तो घरातल्या यंत्रांना १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. भावानं दुसरा राउटर आणला, डब्याची केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकात) खोचली आणि कारखान्यातून आला तसाच चालू केला. त्यानं स्वतःचं वेगळं राज्य मांडलं आणि १९२.१६८.० चे पत्ते वाटायला लागला. याला डबल नॅट म्हणतात. वरून इंटरनेट चालतं, कारण वरचा राउटर खालच्यामार्फत बाहेर जातो. पण खालच्या यंत्राला वरचं काही दिसत नाही. खालच्या डब्याला वरच्या अख्ख्या माडीचा एकच पत्ता ठाऊक असतो, वरच्या राउटरचा.

रविवारी तुम्ही वर बसला होता म्हणून लॅपटॉपनं वरचं वायफाय पकडलं आणि प्रिंटर दिसला. नाव एकच असल्यामुळे कुठलं पकडलंय हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. माझ्याकडे येणाऱ्या "कधी दिसतं, कधी दिसत नाही" या तक्रारींत हे फार वेळा निघतं.

उपाय: वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. डेस्कटॉप केबलनं राउटरला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, ऑपरेशन मोड शोधा, बदला, रीस्टार्ट. जुन्या राउटरला तो मोड नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२५० करा (डबा वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा असावा, डब्यात बघून घ्या), डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. मग घरभर एकच नेटवर्क.

माशेलची | मंगळवार, दुपारी १:३०

तारवाला म्हणतात ते बरोबर, पण एक प्रश्न राहिला. सत्तरीकर, रविवारी व्हीपीएन चालू होतं का?

विचारायचं कारण, आमच्याकडे नेटवर्क एकच आहे, राउटर एकच, तरी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला घरचा प्रिंटर दिसत नाही. व्हीपीएन बंद केलं की दिसतो. आमच्या कंपनीनं सगळीच वाहतूक बोगद्यातून न्यायची असं ठरवलंय, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरसाठी निघालेला कागदसुद्धा आधी बंगळुरूला जाऊन प्रिंटर शोधतो, आणि तिथं तो नसतो.

करून बघा: माडीवर जा, व्हीपीएन बंद ठेवून प्रिंटरला पिंग करा ("आहेस का?" असा छोटा निरोप). मग व्हीपीएन चालू करून पुन्हा करा. डेस्कटॉपला नको, प्रिंटरलाच. डेस्कटॉपचा फायरवॉल बरेचदा पिंगला उत्तरच देत नाही आणि आपण उगीच भलतीकडे शोधत बसतो.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:१५

यात अजून एक भानगड असू शकते. मी शिवोलीला भाड्यानं राहतो. काही कंपन्यांच्या ऑफिसातही १९२.१६८.१ चीच मालिका वापरलेली असते. मग व्हीपीएन लागल्यावर लॅपटॉपला कळत नाही की १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला प्रिंटर की ऑफिसातला सर्व्हर. माझ्या आधीच्या नोकरीत हेच होत होतं. घरच्या राउटरची मालिका १९२.१६८.५७ अशी आडवळणाची करून टाकली, तंटा मिटला.

जाता जाता माझाही प्रश्न. माझ्याकडे वायफाय घरमालकांचं आहे, खालच्या-वरच्या सगळ्या भाडेकरूंना एकच पासवर्ड. नेटवर्क उघडलं की कोणाचा तरी टीव्ही आणि कोणाचे तरी स्पीकर दिसतात. ऑफिसचा लॅपटॉप यावर चालवणं बरं का?

सत्तरीकर | मंगळवार, रात्री ८:५०

माशेलचीताई, नेम लागला. माडीवर, व्हीपीएन बंद: प्रिंटरकडून चार ओळी उत्तर आलं. व्हीपीएन चालू: "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", चारही वेळा. रविवारी सुट्टी होती, व्हीपीएन लावलेलंच नव्हतं.

म्हणजे अडथळे दोन आहेत. तारवाला, उद्या भाऊ फोंड्याहून आला की राउटरचं बघतो. पण व्हीपीएनचं काय करायचं?

अबोली | मंगळवार, रात्री १०:३०

मी पर्वरीला राहते. कंपन्यांच्या लॅपटॉपांची सुरक्षा हेच माझं रोजचं काम, त्यामुळे माझं म्हणणं कदाचित आवडणार नाही.

व्हीपीएनचं तुम्ही काही करायचं नाही. घरचं नेटवर्क दिसू द्यायचं की नाही हे व्हीपीएनच्या पलीकडच्या टोकाला, कंपनीकडे ठरतं. काही व्हीपीएनमध्ये "लोकल लॅनला परवानगी" अशी खूण करायची जागा असते, पण कंपनीनं मुभा दिली नसेल तर तुमच्या खुणेला किंमत नाही. इंटरनेटवर रूट टेबलात (कुठली वाहतूक कुठून जायची त्या यादीत) ओळी घालून वाट काढायचे उपाय सापडतील. ते करू नका. त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, आणि केलेलं आमच्यासारख्यांना दिसतं.

आणि राउटरचंही लगेच काही करू नका. तुमच्याकडे चुकून झालंय ते मी मुद्दाम करायला सांगितलं असतं. आलेला माणूस सोप्यावर बसतो, चहा तिथंच घेतो, माजघरात जात नाही. कंपनीचा लॅपटॉप हा तुमच्या घरी आलेला तसला माणूस आहे. त्याला इंटरनेट हवं, ते मिळतंय. भावाचे हिशेब आणि आल्वाराचे कागद त्याला दिसायचं कारण काय?

उलट बाजूही बघा. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवर मोठा हल्ला झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीनं स्वतःच सांगितलं की हल्लेखोर त्यांच्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवरून शिरले. त्या कॉम्प्युटरवरच्या सिनेमे-गाणी लावायच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरली, टायपिंग टिपणारा प्रोग्रॅम बसवला आणि मास्टर पासवर्ड उचलला. घर आणि ऑफिस एकमेकांत मिसळलं की असं होतं. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो कंपनीला होतो, तुम्हाला नाही. पण म्हणूनच तिकीट बंद करणारा तो हेल्पडेस्कचा मुलगा तसा वागतो.

पुणेरी_पाहुणा, तुम्ही स्वतःचा एक छोटा राउटर घ्या आणि घरमालकांच्या नेटवर्कमागे लावा, म्हणजे सत्तरीकरांच्या माडीसारखं. तुमचा पासवर्ड वेगळा, शेजाऱ्यांना तुमचं काही दिसणार नाही. तिथं डबल नॅट चांगलंच.

नाना_पेडणे | बुधवार, सकाळी ६:५५

फोल्डरसाठी मी एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगतात, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ वर (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) टिक करायची, मग जुनी-नवी सगळी मशीनं दिसतात.

तारवाला | बुधवार, सकाळी ८:१०

नाना, तुमचे व्हिडिओ आता बंद करा! एसएमबी १ म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या भोकातून जगभर पसरला तेच. त्याच वर्षाच्या शेवटीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते आपसूक येत नाही, आणि ते बरंच आहे.

आता अबोलीताईंना. तुमचा मान ठेवून सांगतो, मला हे पूर्ण पटलेलं नाही.

एक, डबल नॅट ही भिंत एकाच बाजूनं आहे. खालून वर दिसत नाही, पण वरून खाली दिसतं. माडीवरचं यंत्र सोप्यावरच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतं. आता या घरात घाणेरडं काय आहे? कंपनीचा लॅपटॉप नाही. तो तर सगळ्यांत स्वच्छ, त्यावर अँटिव्हायरस, अपडेट, सगळं. घाणेरडा असतो तो स्वस्तातला कॅमेरा आणि कधीच अपडेट न झालेला टीव्ही. ते माडीवर. म्हणजे तुमचा पाहुणा सोप्यावर बसलाय आणि आतली कुत्री मोकळी.

दोन, घरच्यांचे हाल. सोप्यावर बसून मोबाइलवरचा व्हिडिओ माडीवरच्या टीव्हीवर टाकता येत नाही. मुलांच्या गेमा अडखळतात. कॅमेरा बाहेरून बघायचा तर दोन ठिकाणी पोर्ट उघडा, आणि आजकाल केबलवाले १०० पासून सुरू होणारा सामाईक पत्ता देतात, तिथं तेही होत नाही.

मी एका गिऱ्हाइकाकडे असं ठेवलं की दर आठवड्याला फोन येतो.

अबोली | बुधवार, दुपारी १२:४५

पहिला मुद्दा मान्य. वरून खाली दिसतं हे खरं. म्हणून लॅपटॉपवर त्या वायफायची प्रोफाइल "पब्लिक" ठेवायची, "प्रायव्हेट" नाही. घरचं नेटवर्क म्हटल्यावर लोकांचा हात आपोआप प्रायव्हेटवर जातो. पब्लिक ठेवलं की लॅपटॉप इतरांना स्वतःहून दिसत नाही आणि आत येणाऱ्या जोडण्या फायरवॉल अडवतो. तुमच्या कुत्र्यांची सोय तिथं झाली.

याहून चांगला मार्ग म्हणजे फायबरच्या डब्यातच दुसरं वायफाय नाव तयार करणं आणि त्यावर आयसोलेशन (बाकी यंत्रांपासून वेगळं ठेवायची सोय) लावणं. बऱ्याच डब्यांत तीन-चार नावांची सोय असते. लॅपटॉप त्या वेगळ्या नावावर, बाकी घर तुमच्या म्हणण्याप्रमाणे एका नेटवर्कवर. हे झालं तर तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट मोड मला चालेल.

तारवाला | बुधवार, दुपारी १:०५

हे बरोबर. फक्त कोणी वरच्या राउटरवर गेस्ट वायफाय करू नका. राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये गेला की बऱ्याच मॉडेलमध्ये गेस्टचं वेगळेपण नावापुरतंच राहतं, आतलं सगळं दिसतं. करायचं तर खालच्या डब्यावरच. आणि डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड केबलवाल्याकडे. तो देईल तेव्हा खरं.

माशेलची | बुधवार, दुपारी २:२०

अबोली, मला एक सांग. ऑफिसचा लॅपटॉप आमच्या वायफायवर आहे, तर आई टीव्हीवर काय बघते किंवा मी माझ्या फोनवर काय शोधते हे कंपनीला दिसतं का? आमच्या ग्रुपवर एकीनं ठामपणे सांगितलं की सगळं दिसतं.

अबोली | बुधवार, दुपारी ३:००

नाही. तुझ्या फोनची आणि टीव्हीची वाहतूक राउटरमधून थेट बाहेर जाते, लॅपटॉपमधून जात नाही. कंपनीला दिसतं ते लॅपटॉपवर केलेलं. ते मात्र बरंच दिसतं. काही कंपन्या लॅपटॉपवर स्वतःचं प्रमाणपत्र टाकतात आणि कुलूप असलेल्या साइटीही उघडून तपासतात. बँकेचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर नको म्हणते ते त्यासाठी.

एक बारीक गोष्ट: काही सुरक्षा सॉफ्टवेअरं लॅपटॉपच्या आजूबाजूला कुठली यंत्रं आहेत याची यादी करू शकतात. म्हणजे "इथं एक टीव्ही आणि एक प्रिंटर आहे" एवढं. टीव्हीवर काय लागलंय ते नाही. हेही नको असेल तर पुन्हा तेच, लॅपटॉप वेगळ्या नावावर ठेव.

सत्तरीकर | बुधवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. फोल्डरचा नाद सोडू म्हणता? आल्वाराच्या कागदांची मामलेदार कचेरीत तारीख आहे, जेवणाच्या सुट्टीत तेवढं चाळून घ्यावं म्हणत होतो.

तारवाला | बुधवार, रात्री ९:५५

सोडा. तांत्रिकदृष्ट्याही डोकेदुखीच आहे. तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपकडे जाताना कंपनीचं नाव आणि युजर पुढे करतो, डेस्कटॉप त्याला ओळखत नाही. मग डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि तिथला युजर असं हातानं लिहायचं. भाऊ पिननं लॉगिन करत असेल तर नेटवर्कवरून पिन चालत नाही, पासवर्ड लागतो, आणि तो कोणाच्याच लक्षात नसतो. पासवर्डशिवाय सगळ्यांना खुलं ठेवलं तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असलं पाहुणं लॉगिन नाकारते आणि डिजिटल सही असलेली जोडणी मागते. एवढं सगळं पार करून पोचलात तरी व्हीपीएन आहेच.

त्यापेक्षा फोन माडीच्या वायफायवर टाका. नेटवर्कची सोय असलेल्या फाइल अ‍ॅपमधून डेस्कटॉपचं शेअर उघडतं. डेस्कटॉपवर वेगळा लोकल युजर करा, पिन नव्हे तर पासवर्ड असलेला, आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. स्कॅन फोनवर मोठे करून नीट वाचता येतात.

अबोली | बुधवार, रात्री १०:१५

+१. आणि प्रिंटसाठी प्रिंटर यूएसबी केबलनं लावायचं विचारा. पेन ड्राइव्ह बंद असला तरी प्रिंटर बंद असतोच असं नाही, दोन्हीचे नियम वेगळे असतात. यूएसबीला व्हीपीएनचा अडथळा नाही. फक्त परवानगी लेखी घ्या, आणि ऑफिसचा कागद स्वतःच्या मेलवर पाठवून दुसरीकडून प्रिंट काढायचा शहाणपणा कोणी करू नका. तो प्रकार सगळ्यांत आधी पकडला जातो. पगाराची पावती, फॉर्म १६ वगैरे तुमचं स्वतःचं असेल तर पगाराच्या पोर्टलवरून फोनवर उतरवता येतं, कंपनी तशी सोय देत असेल तर.

नाना_पेडणे | गुरुवार, सकाळी ७:१०

बरं, व्हिडिओ नाही, अनुभव सांगतो. खालून वर लॅन केबल नेलीय म्हणता, ती पत्र्यावरून किंवा बाहेरून नेली असेल तर वादळात काढून ठेवा. गेल्या ऑक्टोबरात आमच्या मांगराकडे (शेतातल्या खोपीकडे) वीज पडली, घरातून मांगरात नेलेल्या केबलीनं दोन्हीकडचे पोर्ट जळाले. टीव्हीचा प्लग काढला होता, ही केबल कोणाच्या डोक्यातच आली नाही.

तारवाला | गुरुवार, सकाळी ८:३०

हे मात्र नानांचं सोळा आणे. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही (बाहेरून येणाऱ्या काही केबलींत आधाराला स्टीलची तार असते, ती डब्यापर्यंत आणू नये). पण डब्याचा अ‍ॅडॉप्टर आणि तांब्याची लॅन केबल या दोन्हीतून येते. घराच्या आतून नेलेल्या केबलीची भीती कमी. दोन इमारतींमध्ये तांबं नेऊच नये, तिथं फायबर टाकावी. मान्सूनच्या आधीच्या मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की डबा, राउटर, दोन्हीचे प्लग काढायचे. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

सत्तरीकर | शुक्रवार, रात्री ९:०५

अपडेट देतो.

हेल्पडेस्कला नीट लिहून विचारलं: "घरचा प्रिंटर यूएसबीनं जोडू का?" होकार आला. ड्रायव्हर त्यांनीच लांबून टाकून दिला, कारण माझ्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत.

केबलवाला म्हणाला, डब्याचा पासवर्ड देता येत नाही, पण येऊन दुसरं नाव करून देतो. कधी ते देव जाणे. भाऊ म्हणाला, चतुर्थीपर्यंत माडीवरच्या राउटरला कोणी हात लावायचा नाही, त्याची बिलं तिथून जातात. त्यामुळे तूर्त डबल नॅट तसंच. वरच्या वायफायचं नाव तेवढं बदलून "माडी" केलं, लॅपटॉपला ते दिलेलंच नाही. सोप्यावरचं पब्लिक करून ठेवलं.

आता अडचण एकच. प्रिंटर माडीवर, मी सोप्यावर. यूएसबी केबल किती लांब मिळते? आणि प्रिंटर खाली आणला तर भाऊ ओरडेल, त्याला वरून प्रिंट काढायच्या असतात.

तारवाला | शुक्रवार, रात्री ९:४०

यूएसबी पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. तुमच्या माडीला पुरणार नाही.

प्रिंटर खाली आणा. यूएसबी तुमच्या लॅपटॉपला, आणि त्याच प्रिंटरचं वायफाय सोप्याच्या नेटवर्कला. मी वर काय म्हटलं होतं? वरून खाली दिसतं. मग भावाचा डेस्कटॉप खालच्या प्रिंटरपर्यंत पोचतोच की. अबोलीताईंशी भांडताना ज्याला खोट म्हटलं, तीच इथं कामाला येईल. :)

फक्त तो आपोआप यादीत येणार नाही, शोधाशोध राउटरच्या पलीकडे जात नाही. डेस्कटॉपवर "अ‍ॅड प्रिंटर" मध्ये "पत्ता देऊन जोडा" निवडायचं आणि प्रिंटरचा १९२.१६८.१ मधला पत्ता टाकायचा. केबलवाला येईल तेव्हा त्याच्याकडून डब्यात तो पत्ता प्रिंटरसाठी राखून घ्या, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलेल आणि भाऊ तुम्हाला हाक मारेल. बरेचसे वायफाय प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, तेव्हा डब्याचं २.४ बंद करू नका.

सत्तरीकर | शनिवार, दुपारी ४:२०

जमलं. भावानं वरून उताऱ्याची प्रिंट सोडली, खाली सोप्यावर निघाली. माझी ऑफिसची व्हीपीएन चालू ठेवून निघाली. दुसऱ्या पानाला कागद अडकला, पण तो पावसाळी दमट कागद होता, नेटवर्कचा दोष नाही.

तारवाला, अबोलीताई, माशेलचीताई, नाना, सगळ्यांना देव बरें करूं.

पुणेरी_पाहुणा | शनिवार, संध्याकाळी ६:००

मीही राउटर आणला. घरमालकांचं नेटवर्क १९२.१६८.० आणि नवा राउटरही तेच वाटायला लागला, इंटरनेटच बंद. ५७ ची मालिका दिल्यावर सुरू झालं. दोन राउटर मागेपुढे लावणाऱ्यांनी मालिका वेगळ्या आहेत ना ते आधी बघा.

तारवाला | शनिवार, संध्याकाळी ६:२५

हो, हे लिहायचं राहिलं होतं. काही नवे राउटर टक्कर दिसली की स्वतःच मालिका बदलतात, जुने बदलत नाहीत. आणि त्या राउटरचा आतला पासवर्ड आज रात्रीच बदला, राउटरखाली छापलेला ठेवू नका.